शेवटची सोळा पानं

टेलिफोन एक्स्चेंजात रात्रपाळीला
माझ्या स्टुलाखाली कायम एक पुस्तक असायचं,
तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं,
म्हणजे तोरगलसाहेबांना वाटावं, पोथी आहे.
पोथीत त्या वेळी
माणसं शनीच्या कड्यांपाशी रस्ता चुकलेली असत.

कानांवर हेडफोन, समोर बोर्ड.
एकेक दिवा पापणी उघडायचा:
निपाणीहून तंबाखूचा भाव,
खानापूरहून कुणाचं बाळंतपण,
चिकोडीहून कुणीतरी नुसतंच हॅलो, हॅलो.
मागं ट्रंक लाइनची खरखर.
ती मी जरा जास्तच वेळ ऐकत बसायचे.
न जाणो.

घरी माझ्या या आवडीला नाव नव्हतं.
आई म्हणायची, भुताखेतांचं वाचते.
नवऱ्यानं एकदा कॅम्पातल्या टॉकीजला नेलं.
इंग्रजी सिनेमा, पुढून चौथी रांग.
पडद्यावर यान आलं, पुठ्ठ्याचं,
वरची दोरी स्वच्छ दिसत होती.
तो मोठ्यांदा हसला.
दोरी मलाही दिसत होती,
तरी मी खुर्चीचा हात घट्ट धरला.
अजून धरते. आता दोऱ्या दिसत नाहीत, एवढंच.

एक गाऱ्हाणं मात्र आहे.
याना कधी आमच्याकडं उतरत नाहीत.
व्हॅक्सिन डेपोचा माळ केवढा मोकळा पडलाय!
अर्थात उतरलंच एखादं,
तर आधी वाद होईल, स्वागताचा फलक कुठल्या भाषेत,
आणि दोन मोर्चे येईपर्यंत
बिचारे पाहुणे कुंदा खाऊन निघून जातील.

तर, त्या पुस्तकाचं सांगत होते.
शहापूरच्या वाचनालयातलं, पाठीला खळ लावलेलं.
तीनशे वर्षं भटकून यान परत फिरतं,
पृथ्वीकडून एक क्षीण आवाज येतो,
कप्तान वाकून ऐकते, आणि तो आवाज म्हणतो

पुढं पुठ्ठा. शेवटचा फर्मा गळालेला.
सोळा पानं.

शेजारच्या बोर्डावर महादेवी होसमनी.
माझं तोंड बघून म्हणाली,
‘मी वाचलोय की गे ते, कन्नडात.’
मग अकरा रात्री तिनं मला शेवट सांगितला,
दोन कॉलांच्या फटीतून,
‘थांब हं, गोकाक लागलं’ म्हणत.
मी विचारायचे, मुंद एनातु?
पुढं काय झालं?
माझं कन्नड सगळं या एका प्रश्नातून उगवलंय.

तिनं सांगितलं: तो आवाज एका बाईचा होता.
सगळे पृथ्वी सोडून गेले,
पण तिची पाळी बदलायला कुणी आलंच नाही.
म्हणून ती बोर्डापाशी बसून राहिली, तीनशे वर्षं,
डबा संपला, केस पांढरे होऊन गळले,
तरी लाइन उघडी ठेवून.
यान जवळ आलं तेव्हा ती म्हणाली,
नंबर प्लीज.

त्या पहाटे मी घरी चालत गेले.
रेल्वे फाटक बंद होतं,
मालगाडी जाईपर्यंत उभी राहून
वर बघत होते.

परवा नातवानं पुण्याहून धड प्रत आणली.
चष्मा पुसून सोळाही पानं वाचली.
आवाज यंत्राचा निघतो.
कप्तान ते उडवून देते.
मग दोन पानं भाषण.

बैलहोंगलला फोन लावला.
‘महादेवी, खरं सांग, वाचली होतीस?’
पलीकडं खोकला, मग हसू.
‘कन्नडात कुठलं आलंय गे ते!
तू रडकं तोंड करून बसलीस, म्हणून सांगितलो.’

आता लाइनवर खरखर नसते.
तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता,
आणि मागं कुकरची शिट्टी.

म्हटलं, बरं. ते यान उतरलं ना?
मुंद एनातु?

‘थांब,’ ती म्हणाली, ‘गॅस बंद करून येतो.’